बारवेतलं औषध

ग्रामपंचायतीचा शिपाई मुंजाजी बौद्धवाड्यात आला तेव्हा आश्रुबा लिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसला होता. मुंजाजीच्या काखेत डफडं होतं. ते त्यानं म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला.

"हे कुणाचं?" आश्रुबानं हातातला पीळ सोडला नाही.

"पंचायतीचं. सरपंचानं धाडलंय, व्यंकटरावदादानं. दवंडी द्यायची हाय."

"दे की मग. हात हायेत तुला, नरडं हाय."

"मला कुठं येतंय, काका. तुमच्या घराचंच काम ते. तुमच्या बापानं दिली, तुमी दिली."

"दिली. दीक्षा घेतली अन् डफडं पूर्णेच्या पाण्यात सोडलं. तू तव्हा उघडा फिरायल्तास."

"आवं, ही देवाची न्हाई, मेल्या ढोराची न्हाई. आरोग्याची हाय. लोकं मरायलेत."

"लोकं मरायलेत म्हून म्या डफडं गळ्यात घालायचं? दोन सालामागं ही वस्ती जळायल्ती तव्हा कुणी दवंडी दिल्ती, इझवायला चला म्हून?"

मुंजाजीनं वर पाहिलं. खुणा त्याच्या समोरच होत्या. नामांतराच्या दंग्यात काळ्या पडलेल्या भिंती आश्रुबानं मुद्दाम सारवल्या नव्हत्या. वर नवे पत्रे आणि खाली तीच काळी भिंत.

आश्रुबाची सून केशरबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा नवरा सूर्यभान पूर्णा गावी रेल्वेच्या गँगमध्ये होता, आठवड्याला घरी यायचा. केशर सातवी शिकलेली, आणि तीन महिने दवाखान्यात राहून आरोग्याचं काम शिकून आलेली. सरकारच्या कागदावर ती आरोग्य रक्षक. गावाच्या तोंडी पेटीवाली. पेटीत गोळ्या, कापूस, लाल औषध. घराच्या कोपऱ्यात ब्लिचिंग पावडरचं पोतं. वस्तीच्या आडात ती दर आठवड्याला पावडर टाकायची. गावच्या बारवेत टाकायला तिला कुणी उतरू दिलं नव्हतं. वर्षभरात तिनं तीनदा विचारलं. तीनदा व्यंकटराव म्हणाले, "बघू."

आता चार दिवसांत वरच्या आळीत दोघं गेली होती. एक सालगडी आणि खुद्द व्यंकटरावांची आई. तांदळाच्या धुवणासारखं पाणी अंगातून जायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळे खोल जायचे. सकाळी चालतं-बोलतं माणूस दिवस मावळेपर्यंत पिळलेल्या फडक्यासारखं पडायचं.

"मामा," केशर सासऱ्याला म्हणाली, "मी सांगत फिरू का?"

"तोंडानं सांग. घरोघर सांग, शंभर बार सांग. त्याला माझी ना न्हाई. पण डफडं वाजलं की आपली जात आधी बोलतीय, माणूस मागून."

मुंजाजीनं डफडं उचललं. केशरनं पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या मागोमाग पंचायतीकडं निघाली.

पंचायतीच्या पडवीत आरोग्य पर्यवेक्षक रंगनाथ बसले होते. तालुक्याहून मोटारसायकलीवर आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. माणूस वाईट नव्हता. बारा गावं एकट्याच्या गळ्यात, झोपेवाचून डोळे तांबडे झालेले. शेजारी व्यंकटराव, आईच्या सुतकात डोकं भादरलेलं. रंगनाथांनी कागद वाचून दाखवला.

"'परिसरात अतिसाराची किरकोळ लागण आढळून आली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. पाणी उकळून व निर्जंतुक करून प्राशन करावे. अफवांवर विश्वास ठेवू नये.' आश्रुबा नाही म्हणतो तर लाउडस्पीकर लावू. मुंजाजी वाचेल."

"साहेब," केशर खांबाजवळ उभी राहून म्हणाली, "निर्जंतुक म्हंजी काय ते ह्या गावात मला अन् मास्तरला ठावं हाय. प्राशन एकट्या मास्तरला."

रंगनाथ हसले. व्यंकटराव हसले नाहीत.

"पटकी हाय असं कामून न्हाई सांगत?"

"पटकी हा शब्द वापरायचा नाही, बाई. वरून सक्त सूचना आहे. पटकी म्हटलं की लोक पळतात."

"घाबरू नका म्हटलं तरी पळतील. आमची वस्ती जाळली त्या सकाळी फौजदार येऊन हेच म्हणला, घाबरू नका. दुपारी आग लागली. तव्हापास्नं हे दोन शब्द कानावर आले की आमी आधी लेकरं उचलतो."

"लोकांचं मानसशास्त्र बघावं लागतं," रंगनाथ म्हणाले.

"मग बगा की. सरळ सांगा, पटकी हाय. बारवेच्या पाण्यातून आली. पायऱ्यांवर धुणं धुतेत अन् तेच पाणी पेतेत. आज औषध टाकायलाव, वास येईल, वासानं माणूस मरत न्हाई. अन् हगवण लागलेल्याला पाणी तोडू नका. एवढंच सांगा. डोक्यात बसंल."

"अन् औषध टाकणार कोण?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मी. माझं कामच हाय ते."

"बारवेत उतरून?"

"पायऱ्या हायेत की."

व्यंकटराव रंगनाथांकडं वळले, जसं केशर तिथं नव्हतीच. "साहेब, गाव बिथरंल. माझ्या आईचं सुतक फिटलं न्हाई अन् मी बारव बाटू दिली म्हणतील."

रंगनाथांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "बाई, पोतं मुंजाजीकडं द्या. पहाटे कुणी नसताना तो टाकेल. कुणाला सांगायची गरज नाही. वादच नको."

"मापानं टाकावं लागतंय, साहेब. आधी बादलीत कालवायचं, गाळ बसू द्यायचा, वरलं नितळ पाणी तेवढं—"

"सांगतो मी त्याला."

"अन् चोरून टाकू नका. चोरून टाकलेलं औषध अन् इख सारखंच दिसतंय."

"तुम्ही पोतं द्या."

केशरनं पोतं दिलं. वस्तीच्या आडापुरती पावडर तेवढी डब्यात काढून ठेवली.

संध्याकाळी बैलगाडीवर कर्णा बांधून मुंजाजी गावभर फिरला. 'निर्जंतुक'वर तो दर चौकात अडखळला. 'घाबरून जाऊ नये' मात्र त्याला खणखणीत म्हणता आलं, आणि गावाला तेवढंच ऐकू गेलं. रात्रीतून सात घरांनी बिऱ्हाड गाडीत घातलं आणि पाहुण्यांच्या गावी गेली, पोटात काय घेऊन चाललो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राहिले त्यांनी मरीआईचा गाडा सजवला, लिंबू-नारळ ठेवला आणि शिवेबाहेर लोटून आले. शिवेबाहेर म्हणजे पुढच्या गावात. पुढच्या गावात कोण मरतं याची फिकीर ना गावाला होती, ना कागदाला.

दुसऱ्या दिवशी केशर बायनाबाईच्या कापसात खुरपायला गेली. बायनाबाई वरच्या आळीतली विधवा, आठ एकराची धनीण, जिभेची तिखट. दंग्यानंतर सहा महिने तिनं वस्तीतल्या एकाही बाईला कामाला सांगितलं नव्हतं. मग रानात तण कमरेला लागलं, तशी सांगायला लागली.

सात बाया पाती धरून बसल्या होत्या. बायनाबाईची सून धुरपता मधल्या पातीला. तिची चार महिन्यांची पोर बांधावर झोळीत. आभाळ गच्च होतं, माती खुरप्याला चिकटत होती, दर हातभरावर खुरपं पायाच्या अंगठ्यानं पुसावं लागत होतं.

"सकाळी बारवेवर गेल्ते," भावकीतली नर्मदाबाई म्हणाली. "वरच्या पायरीवरच नाकात गेलं. मासोळ्या उलट्या पडल्यात. बेडकं सुदिक. पाण्यावर पांढरी साय."

"इख टाकलंय कुणीतरी," दुसरी म्हणाली.

"कुणीतरी कामून म्हणतीस. मरायलेत कोण? आपल्यातलेच. ह्यांच्या वस्तीत एक तरी उलथलं का, इचार की तिला."

खुरपी थांबली. केशरचं चालू राहिलं. चार रोपं झाल्यावर ती बोलली.

"आमच्या आडात दर आठवड्याला हेच औषध पडतंय, नर्मदाकाकू. वरीसभर वास घेऊन पाणी पेलाव. म्हून न्हाई उलथलाव."

"हेच औषध हाय ते तुला कसं ठावं? तूच टाकलंस व्हय?"

"पंचायतीनं टाकलं. मुंजाजीभाऊला इचारा."

"इचारलं. त्यो न्हाई म्हणायलाय. मला काईच ठाव न्हाई, म्हणला."

केशरच्या हातातलं खुरपं रोपाच्या बुडाला लागलं आणि रोप आडवं झालं.

"तोंडं मिटा अन् पाती उरका," बायनाबाई बांधावरून ओरडली. "कापूस मोडायलात माझा."

तेवढ्यात धुरपता उठली आणि बांधापलीकडं गेली. आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा परतताना तिनं पोटाला धरलं आणि पातीतच बसली. लुगडं मागून भिजून पायांना चिकटलं होतं. आंबूस वास आला. सगळ्या बाया एकदम दोन-दोन हात मागं सरल्या. नर्मदाबाईनं नाकाला पदर लावला. धुरपतानं मान खाली घातली. तिला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती.

"पाणी," ती म्हणाली.

बायनाबाईनं तांब्या उचलला होता. नर्मदाबाई म्हणाली, "देऊ नगा माय. पाणी गेलं की आणीक जुलाब व्हतेत." बायनाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"काकू, द्या पाणी," केशर उठली. "मडकं खालून गळायलंय. वरून वतलं न्हाई तर सांजपत्तर रिकामं व्हतंय."

"तुला लय कळतंय."

"तेवढंच शिकून आलेय."

धुरपता उताणी झाली. तिच्या पोटरीचा गोळा दगडासारखा वर आला आणि ती दातांवर दात दाबून कण्हायला लागली. तिला उचलायला कुणी पुढं येईना. केशरनं जाऊन तिच्या काखांत हात घातले. बायनाबाईनं त्या हातांकडं पाहिलं. मग खाली वाकून सुनेचे पाय धरले. दोघींनी मिळून तिला बैलगाडीत टाकलं. झोळीतली पोर नर्मदाबाईनं घेतली, तेवढं मात्र केलं.

घरी पडवीत धुरपताला गोधडीवर निजवलं. रांजणाला केशरनं नाक लावलं. औषधाचा भपकारा आला.

"त्यातलंच हाय," बायनाबाई म्हणाली. "पहाटेच भरलं. वास आला, पण वढ्याला जायला माझे गुडघे चालत न्हाईत. भरलं, पण कुणी पेलं न्हाई. वतून देऊ का?"

"वतू नका. वास जादा हाय, उकळलं की जाईल. मीठ आणा. गूळ आणा."

सरपण ओलं होतं. चूल पेटेना. बायनाबाई फुंकत राहिली, डोळ्यांतून पाणी, तोंडावर राख. पाणी खळखळल्यावर केशरनं शेरभर मोजून बाजूला काढलं, निवू दिलं.

"तीन बोटांची चिमूट मीठ. मूठभर गूळ. उलटं करू नका, मीठ जादा झालं तर माणूस जातंय. चाखून बगा. डोळ्यातल्या पाण्यापरीस खारट नगं."

बायनाबाईनं मिठाच्या बरणीत हात घातला. चिमटीतलं मीठ अर्धं जमिनीवर सांडलं.

"तूच टाक," ती म्हणाली.

या घरात केशरचा हात आजवर शेणाच्या पाटीला लागला होता, ज्वारीच्या कणसाला लागला होता. मिठाच्या बरणीला पहिल्यांदाच. बायनाबाई ते बघत होती आणि केशर ती बघतेय हे बघत होती.

चमच्या-चमच्यानं पाजणं सुरू झालं. धुरपतानं पहिलं सगळं उलटून टाकलं, केशरच्या लुगड्यावर. केशरनं तोंड पुसलं, थोडं थांबली, पुन्हा चमचा लावला. हगलेलं उचललं, राख टाकली, परसात खड्डा करून पुरलं. पुन्हा चमचा. तालुक्याला न्यायला गाडी काढावी तर ओढा भरलेला. दुपार गेली. पाण्याची तिसरी पातेली निम्मी झाली तेव्हा धुरपताच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर जागेवर जायला लागली. दिवस मावळतीला तिला लघवी झाली.

"झालं," केशर म्हणाली. "आता वाचली. पाजणं बंद करू नका."

बायनाबाई खांबाला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "पोरीला अंगावर घेऊ दे का तिला?"

"घेऊ द्या."

केशर अंगणात हात धूत होती तेव्हा बायनाबाई मागून आली. आवाज बारीक केलेला.

"केशरे, तू चुलीपशी आल्तीस ते कुणाला बोलू नगं. भावकी लय वंगाळ हाय."

"मी कशाला बोलू," केशर म्हणाली. लुगड्यावरचा ओकारीचा डाग तिनं चोळून चोळून धुतला. "बोलायचं का न्हाई ते तुमचं तुमी बगा."

आणि ती पावसात घरी गेली.

बारवेच्या भीतीनं त्या दिवशी वरच्या आळीतल्या बहुतेक घरांनी ओढ्याचं गढूळ पाणी भरलं होतं. सकाळपर्यंत चार घरांत आणखी चार जण अंथरुणाला खिळले. तरी गाव गोळा झालं ते बारवेवर, कुणी इख टाकलं त्याचा निवाडा करायला.

केशरनं डब्यातली पावडर घेतली, मापाची वाटी आणि बादली घेतली.

"सूर्यभानला येऊ दे," आश्रुबा म्हणाला.

"ते शनिवारी येतील, मामा. तवर आणीक चार घरं रिकामी व्हतील."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. "चल मग. मी बी येतो. बोलणार न्हाई, उभा ऱ्हातो."

बारवेच्या काठावर पन्नाससाठ माणसं होती. बायांच्या कडेवर रिकाम्या घागरी. ओढा उतरताच सकाळी परत आलेले रंगनाथ मध्ये उभे राहून "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणत होते. मुंजाजी त्यांच्या पाठीमागं दडलेला. नर्मदाबाईचा लेक भुजंग हातात काठी घेऊन पहिल्या पायरीवर.

"आली पेटीवाली," तो म्हणाला. "किती मेली ते मोजायला आली."

रंगनाथ पुढं आले. "बाई, तुम्ही घरी जा. मी समजावतोय. तुम्हाला बघून लोक जास्त भडकतील."

"मला न बगताच भडकलेत, साहेब." केशरनं बादली खाली ठेवली. "मुंजाजीभाऊ, तुमी टाकलं का न्हाई?"

मुंजाजीनं व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटरावांनी बारवेकडं पाहिलं.

"साहेब, तुमी तरी बोला."

रंगनाथांनी खिशातला कागद चाचपला. "औषध... औषध आम्हीच टाकायला लावलं. तुमच्या भल्यासाठी."

"भल्याचं व्हतं तर चोरून कामून?" मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"मी टाकू नये म्हून," केशरनं उत्तर दिलं. "एवढंच कारण हाय. मापानं टाकलं असतं तर कुणाच्या नाकाला कळलं बी नसतं. ह्यांनी न कालवता अर्धं पोतं वतलं, म्हून मासोळ्या मेल्या. माणूस मरत न्हाई त्यानं."

"काय भरवसा?" भुजंग म्हणाला. "पिऊन दाखव की मग."

"दाखवते."

तिनं पदर खोचला, बादली उचलली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ए, थांब," व्यंकटराव ओरडले. "खाली उतरायचं न्हाई. बारव बाटंल."

केशर थांबली. वळली. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती.

"मग ठरवा आधी," ती म्हणाली. "इख हाय का बाट हाय? इख असंल तर बाटायला ऱ्हायलंय काय? अन् बाटायची भीती वाटत असंल तर पाणी चांगलं हाय असं म्हणा. दोन्ही एकदम न्हाई चालत."

घोळक्यात एक बाई फस्सकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. भुजंगनं मागं वळून कोण हसलं ते बघितलं. तेवढ्यात केशर त्याच्या बाजूनं खाली गेली.

बावीस पायऱ्या होत्या. जन्मभर ज्या पाण्यावरून तिच्या जातीच्या बाया वरूनच हाकलल्या गेल्या ते पाणी तिनं जवळून पहिल्यांदा पाहिलं. हिरवट, शेवाळलेलं, कडेला पोटं वर केलेल्या मासोळ्या, पायरीवर साबणाचा फेस. यासाठी एवढं सगळं. तिनं मासोळ्या हातानं बाजूला केल्या. नाकाशी पाणी नेलं. वास अजून होता, म्हणजे औषध मेलं नव्हतं. तिनं ओंजळ भरली आणि प्यायली. दुसरी. तिसरी.

"पटकी हाय ही," ती खालून म्हणाली. बारवेत आवाज घुमत होता, ओरडायची गरज नव्हती. "गॅस्ट्रो न्हाई, अतिसार न्हाई. पटकी. माणसं मारती. मला भ्याव वाटतंय. तुमाला बी वाटू द्या, कुणी घाबरू नका म्हणलं तर आयकू नका. भ्यालेलं माणूस पाणी उकळतंय. भ्यालेलं माणूस इथं हगवणीचे कपडे धूत न्हाई."

"बाटली," वर कुणीतरी म्हणालं. "बाटली बारव." भुजंग काठी घेऊन दोन पायऱ्या उतरला. आश्रुबा त्याच्या मागं दोन पायऱ्या उतरला. भुजंगनं मागं बघितलं आणि तिथंच थांबला.

मग घोळक्यातून बायनाबाई पुढं आली. कडेवर पितळेची घागर. ती पायरीवर आधी उजवा पाय ठेवायची, मग डावा शेजारी आणायची, लहान लेकरू उतरतं तशी. गुडघे कुरकुरत होते.

"काकू, कुठं चाललात?" व्यंकटरावांनी विचारलं.

"घागर दिसत न्हाई व्हय? पाण्याला."

"आत्ताच ती त्यात हात—"

"बगितलं म्या. डोळे हायेत मला." ती मधल्या पायरीवर दम खायला थांबली. "काल दुपारपास्नं माझी धुरपता हिच्याच हातचं पाणी पेयलीय. ह्याच बारवेचं. माझ्या घरात, माझ्या चुलीवर केलेलं. मीठ बी हिनंच टाकलं, माझ्या बरणीत हात घालून. सकाळी उठून पोरीला घेऊन बसलीय. बगायची असंल तर जाऊन बगा." ती व्यंकटरावांकडं बघून बोलली, पण आवाज चढवला नाही. "तुझी आई पाणी पाणी करत गेली, व्यंकट. अन् आपण तिला थेंब दिला न्हाई. उशापशी मी बी बसल्ते. तांब्या म्याच लांब सरकवला."

व्यंकटरावांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात डोक्यावरच राहिला.

बायनाबाई खाली पोचली. केशर शेवटच्या पायरीवर मध्येच उभी होती.

"जरा सरक की तिकडं," बायनाबाई खेकसली. "रस्त्यात उभी ऱ्हायलीस. घागर बुडना माझी."

पाणवठ्यावर कुठल्याही बाईनं कुठल्याही बाईवर खेकसावं तसं. केशर सरकली. मग म्हणाली, "आत्ता भरू नका, काकू. साथीत रोज औषध टाकावं लागतंय. आजचं टाकायचंय."

"मग एवढ्या पायऱ्या उतरले ते?"

"बसा तिथंच. गुडघे निवतील."

बायनाबाई शिव्या पुटपुटत पायरीवर बसली.

केशरनं सगळ्यांना दिसेल अशी पावडर कालवली. एकेक गोष्ट तोंडानं सांगत. एवढी घ्यायची, मुठीनं न्हाई, ह्या वाटीनं. आधी थोड्या पाण्यात, गुठळी ठेवायची न्हाई. मग बादली भरायची. मग थांबायचं, गाळ खाली बसू द्यायचा. वरलं नितळ तेवढंच पाण्यात सोडायचं. रिकामी बादली खालवर, खालवर, सगळीकडं पोचेस्तवर. तिचे दंड भरून आले. कुणी मदतीला उतरलं नाही. पण वर आता कुणी बोलतही नव्हतं.

"आता तासभर कुणी भरायचं न्हाई," ती म्हणाली. "तासानं भरा. घरी उकळा. कुणाच्या घरी हगवण लागली असंल तर मला सांगा, मी येते. पाणी तोडू नका."

सगळं गाव थांबलं असं नाही. भुजंग थुंकला आणि दहाबारा माणसं घेऊन ओढ्याकडं निघून गेला. काही जण नुसतेच घरी गेले. व्यंकटराव ना खाली उतरले ना गेले, काठावरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. चौदा घागरी मात्र काठावर राहिल्या. बायांनी त्या रांगेत मांडल्या आणि घागरींशेजारी बसल्या. पाऊस भुरभुरायला लागला तरी बसल्या.

केशर पायऱ्या चढून वर आली. रंगनाथ बाजूला उभे होते.

"साहेब, घड्याळ हाय ना तुमच्याकडं? तास तेवढा बगा."

रंगनाथांनी मनगट वर केलं आणि बघत राहिले.

बऱ्याच वेळानं नर्मदाबाई उठली. घागर रांगेतच राहिली. ती पहिल्या पायरीपर्यंत आली आणि तिथं थांबून तिनं विचारलं, "केशरे, भरावं का आता?"

केशरनं रंगनाथांकडं पाहिलं. त्यांनी बोटं दाखवली. वीस मिनिटं बाकी.

"न्हाई," ती म्हणाली. "थांबा अजून."

नर्मदाबाई मागं फिरली आणि आपल्या घागरीशेजारी जाऊन बसली.